दहापैकी दहा

लेकीचा, चारुलताचा मेसेज आला आणि रतिलालच्या घशाखाली चहा उतरेना. मेसेज काय, तर 'खूप छान पिक्चर. दहापैकी दहा.' यात जिवाला घोर लागावा असं काय, म्हणाल. अहो, जिने जन्मात कशाला साडेसातच्या वर मार्क दिले नाहीत, ती पोरगी एकदम दहा देते?

रतिलाल म्हणजे खांडबाऱ्याचा जुना व्हिडिओ लायब्ररीवाला. आता त्या दुकानात मोबाइल रिचार्ज होतात, पण खोड गेलेली नाही. रिचार्जला आलेल्या माणसाला एखादा सिनेमा, एखादं गाणं, जमलंच तर एखादी कादंबरी चिकटवल्याशिवाय सोडेल तर शपथ! वर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून विचारणार, "दखं का? कितला मार्क?" लोक त्याला बघून गल्ली बदलायचे. कुणी कंटाळवाणा म्हणालं, की उत्तर ठरलेलं: "इंटरवललोंग बठ, मंग बोल." इंटरवलपर्यंत बसल्याशिवाय मत द्यायचंच नाही! अख्खा गाव या वाक्यावरून त्याची टर उडवायचा.

मार्कांचा खेळ मुळात चारुलताचा. गल्ल्याशेजारी बसून वाढलेली पोर. "आठ तरी दे!" म्हणून बाप हट्टाला पेटायचा. ती देईल तर ना!

लोणखेड्याचं स्थळ रतिलालनेच सुचवलं. सुचवलं कसलं, सिनेमासारखं गळ्यात मारलं. शेतीवाडी चांगली, जावई योगेंद्र गोडबोल्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासरी करमत नाही म्हणून तिचा फोन आला, "बापू, मन्हा जीव नही लागत आठे." आणि या शहाण्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "इंटरवललोंग बठ, मंग बोल." पलीकडून ती हसली नाही. तेव्हा त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. त्यानंतर फोन बंद, नुसते मेसेज. छान. सुंदर. पाहते.

"दहा मार्क भेटनात, ते बी तुमले खटकस?" शोभाबाई नवऱ्यावर वैतागली. "संसारमा रमनी व्हई ती."

पण रतिलालला चैन पडेना. दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी त्याने मनानेच एक सिनेमा रचला. नाव खोटं, गाणी खोटी, सगळंच खोटं. पोरीला लिहिलं, हा बघच. संध्याकाळी उत्तर हजर: 'पाहिला. मस्त. दहापैकी दहा.'

सकाळची पहिली गाडी धरून तो लोणखेड्याला निघाला. एसटीत जागा मिळूनही बसवेना, दारापाशी उभाच राहिला.

योगेंद्रने हसत स्वागत केलं. "या बापू! तुमचे पिक्चर भारी असतात हं." त्याच्या शर्टाच्या खिशातून चारुलताच्या फोनचं फुलाफुलांचं कव्हर डोकावत होतं.

"हा तर तिचा ना?"

"माझ्याकडेच असतो. घरातल्या बाईला कशाला हवा? मी देतो की उत्तरं."

चारुलता पाण्याचा पेला घेऊन आली. किती वाळली होती पोर! रतिलालला भडभडून आलं. त्याने पेला घेतला नाही.

"बेटा, कितला मार्क?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली. "आजून इंटरवल नही व्हयना, बापू. तुम्हीच बठ म्हणनात ना."

सबंध आयुष्यात रतिलालने कुणाला अर्ध्यातून उठू दिलं नव्हतं. न आवडलेल्यांनाही बळेच बसवलं होतं.

"खड्डामा गया इंटरवल," तो म्हणाला. "ऊठ. चप्पल घाल."

योगेंद्र काहीतरी गोड बोलायला लागला. चारुलताने पेला तिथेच जमिनीवर ठेवला आणि त्याच्यापुढे हात पसरला.

"आधी मन्हा फोन दे."