शंभर एचपीच्या गाडीची थ्री फेज

चहा पेवून घ्या आधी, मंग सांगतो. नाई त हसताना नाकातून निंघन. माह्या अकलेचे धिंडवडे मीच सांगतो, लोकायले काऊन तरास?

आमचे जावई जळगाव जामोदले रायतात. त्यायनं इलेक्ट्रिक गाडी घेतली अन् चार्जिंग कशावर, त गिझरच्या पिलगवर. रातभर लावून ठेवतात म्हने. मी मेहकरच्या चौकात सगळ्यायसमोर म्हनलं, "गाडी घेतली का मोबाईल?"

मंग मीबी तीच गाडी बुक केली. पोरीचा फोन आला, "बाबा, लाइन केवढी पाह्यजे ते यायले इचारून घ्या."

"विहिरीवर मोटरा चालवता चालवता जनम गेला माहा. आता तुहा नवरा मले करंट शिकोते का?"

हिशोब त सोपाच होता ना. विहिरीवरची मोटर पाच एचपीची, तिले थ्री फेज लागते. गाडीची मोटर शंभर एचपीची, तसं शोरूमवाल्याच्या पुस्तकातच छापेल होतं. म्हंजे वीस विहिरी झाल्या. गिझरच्या पिलगवर वीस विहिरी चालतात का, तुमीच सांगा.

गजू वायरमनले बोलावलं. मानूस लय गोड, कायलेच नाई म्हनत नाई.

"गजू, घरी थ्री फेज पाह्यजे."

"हाव काका."

"केबल मनगटाएवढा टाक."

"हाव काका, दंडाएवढा टाकू."

खांबावरून केबल आला, मीटर आलं, पोर्चमंधी लोखंडी डबा बसला. घरचीनं पाह्यलं अन् इचारलं, "चक्की टाकून राह्यले का?"

"तुले नाई समजाचं," मी म्हनलं.

गल्लीलेबी तेवढंच समजलं. दुसऱ्या दिवशी सामनेवाली काकू गव्हाचा डबा घेऊन दारात उभी. "भाऊ, चक्की कवा चालू करता?" तिच्या मांगं आनखी दोघी, एकीजवळ जवारी. असं डोकं फिरलं माहं. म्हनलं, "काकू, ही गाडीची लाइन हाय. तुमी जनमभर पीठच पाह्यलं, तुमाले काय समजते?"

शनिवारी गाडी आली, शोरूमवाल्यानं फुल भरून देली. रविवारी जावयाले मुद्दाम जेवाले बोलावलं. चौकातली मंडळीबी बोलावली, म्हनलं पाहू द्या सगळ्यायले, लाइन कशाले म्हनतात ते.

जेवनं झाली. मी ऐटीत डिक्कीतून चार्जिंगचा वायर काढला. वायरच्या टोकाले काय असावं? तीन पिनांचा पिलग. गिझरच्याले असते तसाच. मी डब्याच्या चारी बाजूनं पाह्यलं, त्याले कुठी छेदच नाई.

जावई हळूच म्हने, "मामाजी, मोटर केवढीबी असो, बॅटरी आपल्या चालीनंच भरते. ही गाडी सिंगल फेजच घेते. रातभर लावली का झालं."

"मंग हे काय हाय?" चौकातल्या एकानं डब्याकडं बोट दाखोलं.

जावयानं डबा ठोकून पाह्यला. मानूस संस्कारी, सासऱ्याले काय बोलन? "मजबूत हाय," म्हने.

आता गाडी गल्लीत उभी रायते. न्हानीच्या खिडकीतून गिझरचा पिलग बाहेर काढला, तिच्यासाठी. मी थंड्या पान्यानं आंघोळ करतो. अन् पोर्चमंधी चक्की हाय. घरची म्हने, लाइन ओढलीच हाय त वाया काऊन घालवाची? ती गल्ल्यावर बसते, दळतो मी.

परवा सामनेवाली काकू आली. पिठाची चिमूट बोटात चोळली, माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, "भाऊ, आमी जनमभर पीठच पाह्यलं ना, म्हनून सांगते. तुमी लय जाड दळता."

मी म्हनलं, "हाव काकू."