दाराकडे पाठ केलेला हत्ती

"अगं बया, हत्ती बाहेर चाललाय!" आत्याबाई ओरडल्या आणि माझ्या बशीतला चहा नव्या पँटीवर सांडला.

गोष्ट सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची. मी राहुरीच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. रविवारी पॅसेंजरने पुणतांब्याला जायचो आणि चावडीत आठवी-नववी-दहावीच्या पोरांचा चित्रकलेचा वर्ग घ्यायचो. फुकट. फुकट असल्यामुळे गावाला वाटायचं, मास्तरला सुट्टीच्या दिवशी घरात बसू देत नसावेत. माझ्या बायकोनेही हा समज कधी खोडून काढला नाही.

वर्गात सिंधू नावाची मुलगी होती. तिची रेघ इतकी सरळ पडायची, की मी आपला खोडरबर हळूच खिशात टाकायचो. तिला एलिमेंटरीला बसायचं होतं. एलिमेंटरी म्हणजे चित्रकलेची पहिली सरकारी परीक्षा. केंद्र नगरला, म्हणजे मुक्काम आला. तिचे वडील तात्या म्हणजे बागायतदार, शब्दाला पक्के. त्यांनी साफ नकार दिला होता. मी रदबदली करायला गेलो.

"चित्रं काढून पोरीचं काय हुनार, मास्तर?"

"तात्या, हात फार चांगला आहे तिचा."

"मग दावा की. थोरल्याचं लगीन आलंय. तुमच्या पोरांकडून भिंत रंगवून घ्या. गावानं वाखाणलं, तर धाडतो नगरला."

लग्नघराच्या दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती काढतात, सोंडेत माळ घेतलेले. तोंडं दाराकडे. म्हणजे लक्ष्मी आत येते. त्यासाठी आम्ही खाका केला. कागदावर हत्ती काढायचा, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा हत्ती उतरतो. एकाच खाक्यात दोन्ही हत्ती निघतात. फक्त दुसऱ्या वेळी कागद पालटून लावायचा.

पोरं घाईत पालटायचं विसरली. कागद सिंधूनेच धरला होता. मी तेव्हा ओट्यावर चहा घेत तात्यांना कलेचं महत्त्व पटवून देत होतो. नीळ भरून झाली आणि तात्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई, बाहेर आल्या. एक हत्ती घरात शिरत होता. दुसरा दाराकडे पाठ करून तरातरा रस्त्याकडे निघाला होता.

"लक्ष्मी चालली की रं तात्या घर सोडून!"

"चुना मारा त्याच्यावर," तात्या म्हणाले. पण ओल्या निळीवर चुना फिरवला असता, तर अख्खी भिंत निळी झाली असती. आणि लग्न परवावर आलेलं.

"शेपटीच्या जागी सोंड काढू का?" मी विचारलं. डिप्लोमा होल्डर माणूस मी.

"दोन तोंडांचा हत्ती? सोयरं वाटंतनंच माघारी पळतील, मास्तर!"

तात्यांनी सिंधूकडे पाहिलं. "झालं तुजं नगर."

तिच्या हनुवटीला नीळ लागलेली, डोळे भरलेले. मग तिने गेरूचा डबा ओढला आणि त्या हत्तीच्या पुढ्यात ब्रश टेकवला. बैलजोडी निघाली, घराकडे तोंड केलेली. मागे छकडा. छकड्यात मुंडावळ्या बांधलेली एक पोर, पदराआडून घर कुठंवर आलं ते बघणारी. पोरं तिला डबे देत होती.

"आत्या," सिंधू म्हणाली, "ह्यो घर सोडून न्हाई चालला. वैनीला सामोरा चाललाय. माळ तिच्यासाठीच हाय."

आत्याबाई भिंतीजवळ सरकल्या. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "मी सासरी उतरले तवा वेशीत कुत्रं बी सामोरं आलं न्हवतं गं. तात्या, ऱ्हाऊ दे हत्ती."

नवी सून आली ती दारात थबकली. छकड्यातल्या पोरीकडे बघत राहिली. "हे कुनी काढलं?"

"आमच्या सिंधूनं," तात्या म्हणाले. मास्तरचं नाव कुणी घेतलं नाही, ते योग्यच झालं.

परीक्षेला तात्या स्वतः तिला नगरला घेऊन आले. केंद्राबाहेर लिंबाखाली बसून राहिले. प्रत्येक पेपर सुटला की मला विचारायचे, "हत्ती आलता का वो?" हत्ती आला नाही. तरी पोरगी बी ग्रेडमध्ये पास झाली.

पुढे नोकरीभर नव्या मास्तरांना मी दोनच गोष्टी सांगत आलो. खाका दुसऱ्यांदा लावताना पालटून लावावा. आणि पोरं भिंत रंगवत असताना मास्तरने चहाला जरूर जावं.