कासच्या पलीकडं मुलाचं घर, आणि आमचं जायचं की नाही

उशीर झाला, माफी असावी. मुलाकडून आल्या आल्या लिहितो म्हणालो होतो आणि मे महिना सरत आला. माझंच मन ठरत नव्हतं, मग तुम्हाला काय सांगणार?

आमचा प्रशांत पुण्यातली नोकरी सोडून कासच्या पठारापलीकडं, कोयनेच्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहायला गेला. डोंगर चढायचे, होडी वल्हवायची आणि शनिवार-रविवारी शहरातल्या लोकांनाही त्यासाठी न्यायचं. सून मेघना घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. दोघांचं म्हणणं, आम्ही म्हातारा-म्हातारीनंही दुष्काळी आटपाडीतलं घर बंद करून तिकडंच यावं. पण बायकोचे गुडघे आणि माझा दमा. कधी काही झालं तर धावून कोण येणार, हीच धास्ती. तेच बघायला गेलो.

आटपाडीहून सकाळची एसटी धरावी, विटा, कराड करत सातारा. अर्ध्या तिकिटासाठी आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा. माझं पिशवीच्या तळाशी होतं, कंडक्टरसमोर भाकरीचं गठुडं सोडावं लागलं. कराडच्या स्टँडवर चहा बरा, भजी तेलकट. साताऱ्याहून पुढं प्रशांतच्या गावाकडं जाणाऱ्या बामणोलीच्या गाड्या मोजक्याच, आधी चौकशी करा. यवतेश्वरचा घाट चढताना बायको दरीकडं बघून खूश, आणि मी दवाखाना किती मागं राहिला याच्या विचारात.

घर छान आहे. खाली पाणी, समोर डोंगर. नाचणीची भाकरी आणि ताज्या माशाचं कालवण. पण दोन दिवसांत शेजारपाजारचं एक माणूस डोकावलं नाही. आमच्याकडं पाहुणा आला की निम्मी गल्ली चहाला असते. मला झोप लागेना.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरी गर्दी दिसली म्हणून गेलो. तिकडं पावसाच्या आधी भिंतीला बाहेरून गवताचे तट्टे बांधतात, नाहीतर भिंत चार महिने ओल पिते. सगळा गाव मिळून एकेक घर उरकतो. प्रशांतनं मात्र लोकांना कशाला त्रास म्हणून बाजारातून प्लॅस्टिक आणलेलं.

तिथं मदतीला आलेले, धोंडीबा म्हणून माझ्याच वयाचे एक जण वर शिडीवर होते. आमच्या पोराच्या घरी कुणी का येत नाही, मी सरळच विचारलं.

"बोलावल्याबगर कसं यायचं?" ते म्हणाले. "नवी मानसं, दार लावून बसत्यात. आमाला वाटलं, त्यास्नी नको आसंल."

"मग आता मी बोलावतोय की."

"आसं शिडीखालनं न्हाई. दारात यायचं, नाव घिऊन सांगायचं."

त्याच संध्याकाळी मी, बायको आणि प्रशांत घरोघर फिरलो. प्रशांत लाजत होता, "आण्णा, पुढं तुम्हीच बोला," म्हणत मागं राहायचा. बायको गुडघे धरून प्रत्येक पायरी चढली. सकाळी उजाडायलाच माणसं आली. कुणी गवत आणलं, कुणी काथ्या. मेघनानं कांदेपोहे केले. मी तट्टा उलटा धरला तर धोंडीबा म्हणाले, "आटपाडीकर, तुमच्यात पाऊस बघायला पै-पाव्हणं बोलावत्यात म्हनं?" सगळे हसले, मीही हसलो. दुपारपर्यंत भिंत झाली.

निघायच्या दिवशी धोंडीबा गाडीपर्यंत आले.

"चाललाय व्हय? आन् आमची भिंत कोन बांधायची?"

मला वाटलं, थट्टा. साताऱ्यापर्यंत सोडायला आलेल्या प्रशांतनं वाटेत सांगितलं, ती थट्टा नव्हती. ज्यानं हात लावला त्याच्याकडं आपणही जायचं, तसंच चालतं.

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. दवाखाना काही जवळ आला नाही. गुडघेही तेच. पावसात लाइट जाते, फोनला रेंज नसते, हे तिथल्या लोकांनीच सांगितलं. तरी काल बायकोनं पांघरुणं उन्हात टाकली आणि तुळस शेजारणीकडं दिली. मला विचारलंसुद्धा नाही.

कोरड्या मुलखातून तिकडं राहायला गेलेलं तुमच्यापैकी कुणी असेल, तर दम्याच्या माणसानं पहिला पावसाळा कसा काढावा ते लिहा. मात्र लवकर कळवा. येत्या गुरुवारी धोंडीबांची भिंत आहे, आणि आम्ही बुधवारीच निघतोय.