बाबांचा कान आणि बोटभर जाड वायर

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. तळ्यावरच्या वीस मार्चच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी, भर दुपारी, महाडच्या बाजारपेठेत, गिऱ्हाइकांनी भरलेल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात.

पोलादपूरजवळच्या आमच्या बौद्धवाडीत गायन पार्टीची ढोलकी सुरात लावतात ते बाबाच. लावताना भिंतीकडे तोंड करून बसतात. थाप दुसरा कुणी मारतो. ‘वाजवणारा दिसला की कान लबाडी करतो,’ हे त्यांचं म्हणणं. पार्टीची जुनी रेकॉर्डिंगं ऐकायला माझ्या मुंबईच्या भावाने घरी अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. त्याला लावायला म्हणून त्या दुकानदाराने बोटभर जाड, जाळीदार पॉवर केबल बाबांच्या गळ्यात मारली. म्हणे, आवाज उघडेल.

काही उघडलं नाही. बाबा परत करायला गेले, मी सोबत होतो.

“फरक काय नाय वो.”

“फरक आहे, काका. कान तयार लागतो. तुमच्या वाडीतल्या डीजेपुढे नाचून पडदे फाटले असतील.”

दुकान हसलं. बाबाही कसनुसं हसले. ते हसणं मी विसरणार नाही.

घरी येऊन त्यांनी ढोलकी खुंटीला टांगली. “माझा कान गेला असंल रे. जयंतीला दुसरा कोन तरी बघा.”

अहो, आमची वीज डोंगरातून खांबाखांबावर लोंबत येते, आंबेनळी घाटाकडे वारा सुटला की जाते. शेवटच्या हातभर वायरीत तिचं शुद्धीकरण होतं म्हणे! शुद्धीकरणाचे धंदे महाडला नवे नाहीत.

पुढच्या रविवारी मी ती केबल आणि एक चादर घेऊन दुकानात गेलो. “शेठ, तुमचा कान तयार आहे ना? मग भिंतीकडे तोंड करा आणि कुठली वायर लावलीय ते ओळखा.” गिऱ्हाइकं बघत होती, त्याला नाही म्हणता येईना. त्याच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर चादर टाकली. खुडबुड केली, गाणं लावलं.

“ही साधी वायर. आवाज कोंडलाय.”

पुन्हा खुडबुड. पुन्हा तेच गाणं.

“ही आपली! बघा, कसा मोकळा झाला!”

“आता वळा,” म्हणालो आणि चादर ओढली. मशीनला दोन्ही वेळा साधीच वायर होती. त्याची जाडी केबल पहिल्यापासून माझ्या गळ्यात.

“शेठ, तुम्ही कुठल्या डीजेपुढे नाचला होतात?”

या वेळी दुकान त्याला हसलं. तो पैसे परत द्यायला लागला. घेतले नाहीत. म्हटलं, “वाडीत या. बाबांना तोंडावर सांगा, तुमचा कान खरा, मी खोटा.” ‘बघू’ म्हणाला. आला नाही.

मी बाबांना सगळं सांगून पाहिलं. “तू माझा पोर. तू माझ्याच बाजूनं बोलनार,” म्हणाले.

जयंती तोंडावर आली, ढोलकी अजून खुंटीला आहे. मी बोलून ती खाली येणार नाही, तो बोलला तरच येईल. म्हणून, महाडकरांनो, पोलादपूरकरांनो, तो आमच्या वाडीत येऊन तेवढं एक वाक्य बोलेपर्यंत त्याच्या दुकानाची पायरी चढू नका. साधा बल्ब घ्यायलासुद्धा नाही.