न तुटणारा आकडा

रांजणगावला नुकत्याच कंपन्या येऊ लागल्या होत्या, तेव्हा कारेगावात एका मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं. मापं लिहायच्या खडूनं ते प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात एकच आकडा लिहीत, ७३९३९१३३. मग अंगठ्यानं शेवटून एकेक अंक पुसत सातापर्यंत येत. "ही बी मूळ संख्या, ही बी. तोडा बरं, सर."

मी तिथल्याच हायस्कूलला गणित शिकवायचो. ही संख्या कशानंच भागली जात नाही, हे आठवीत शाळा सोडलेल्या माणसानं ठासून सांगितलेलं मला खुपायचं. भागाकारांनी त्यांनी चार वह्या भरल्या होत्या. मी त्या कधी उघडल्या नाहीत.

एका सकाळी मी दुकानात शिरलो. "तुटली. सतरानं." शाळेचंच गेट तिथं तयार होत होतं. त्याच्या पत्र्यावर मी भागाकार मांडून दाखवला. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि पुटपुटत एकेक पायरी उतरत गेले.

"सतरा नवे एकशे त्रेपन्न, सर. हितं एकशे त्रेचाळीस लिवलंय तुम्ही. बाकी तेरा उरती."

तेवढ्यात गेट बघायला आमचे हेडमास्तर दारात आले. मिस्त्रींनी ओल्या फडक्यानं माझा भागाकार पुसून टाकला. कोपऱ्यातला आकडा तेवढा ठेवला.

"काय चाललंय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"काय न्हाई, सर मला भागाकार शिकवीत हुते."