टाच टेकव, अक्का

सकाळी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि मन्मथचा फोन आला. मन्मथ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. लातूरला भुसाराचं दुकान बघतो. "मावशी, आई गेली," म्हणाला. झोपेतच गेली. सून चहा घेऊन उठवायला गेली तर... मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, आईचे पाय दुमडतील ना गं?" आता नांदेडच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईनं यावर काय उत्तर द्यावं? तोवर दूध उतू गेलं. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि तो कुणाचा आला होता हे महिना उलटून गेला तरी मला सांगता येत नाही.

बाहेरच्या माणसाला त्याचा प्रश्न विचित्र वाटेल. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. न्हाऊ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात आणि गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन तशीच समाधी देतात, पूजेला बसल्यासारखी. लहानपणापासून बघत आल्यामुळं आम्हाला त्याची भीती नसते. अक्काला मात्र होती. ती परकर-पोलक्यात असताना आमची आत्या गेली. आत्या कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली, पाय वाळून ताठ झालेले. तिला बसवताना माणसांनी गुडघे दाबले, आणि दारात उभ्या असलेल्या अक्कानं तो आवाज ऐकला. मी तेव्हा पाळण्यात होते. अक्कानं हे जन्मभर कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते अलीकडं, तेही व्यायाम करता करता.

अक्का बुटकी होती. दुकानातला काउंटर होता दाजींच्या उंचीचा, आणि दाजी चांगले दांडगे होते. ते गेल्यावर दुकान तिच्या अंगावर पडलं. मन्मथ शाळेत होता. मी म्हटलं, "अगं, सुताराला बोलाव, काउंटर कापून घे." तर म्हणते, "कशाला? मीच उंच होते की!" आणि बाजारातून जाड टाचेच्या चपला घेऊन आली. तेव्हापासून ती त्या चपलांवरच राहिली म्हणा ना. सकाळी दुकान उघडायचं ते रात्री शटर ओढेपर्यंत उभी. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर त्या चपलांवरही पुन्हा चवड्यावर उभी राहायची. घरात आली तरी चपला पायातच. तूर डाळीचा दाणा तळहातावर घेऊन कुठल्या मिलचा हे सांगणारी बाई, पण आपल्या पायाकडं कधी बघितलं असेल तर शपथ.

साठी उलटली आणि पोटऱ्यांनी बोलायला सुरुवात केली. रात्री गोळे यायचे. सकाळी पलंगावरून उतरली की टाचा टेकायच्या नाहीत, भिंत धरून चवड्यावर चालायची. खाली उकिडवं बसायला गेली की मागं कलंडायची. मांडी तर विसराच. देवापुढं खुर्ची आली, जेवायला टेबल आलं. मी जन्मभर शाळेत मुलींना कवायत शिकवली, मला वाटलं हे तर माझंच काम. मी पोटरीला हात लावून बघितला. दगड! "अगं हे काय करून ठेवलंस?" म्हटलं, तर मलाच म्हणते, "मी काय केलं? आपोआप झालंय."

का झालं, याची मात्र जितकी तोंडं तितकी उत्तरं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, गुडघ्याची झीज. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, वाढत्या वयात पोटरीचा स्नायू ताठर होतो, त्याची लांबायची तयारी राहत नाही, पाळी गेल्यावर बायकांना हे जास्त जाणवतं. वैद्य म्हणाले वात. संगीता, म्हणजे मन्मथची बायको, म्हणाली पाणी कमी पितात. मी चपलांना दोष दिला. पण मग शेजारच्या महानंदाबाई जन्मभर अनवाणी शेतात राबलेल्या, त्यांचीही टाच टेकत नाही, त्याचं काय? आणि आमची आई ऐंशीच्या पुढंही उकिडवं बसून भाजी निवडायची, त्याचं काय? मला कळेना. शाळेत पोरींना दम देऊन सांगायचे, ताण दिला की स्नायू सैल होतो. इतकं सरळ असतं तर मग काय हवं होतं!

तरी आम्ही चिकाटी सोडली नाही. रोज दुपारी दुकानाला जेवणाची सुट्टी झाली की संगीता आतल्या खोलीत अक्काच्या हातांना, पोटऱ्यांना करडईचं कोमट तेल चोळायची, मग मला व्हिडिओ कॉल लावायची. अक्का भिंतीला दोन्ही हात लावून उभी राहायची, एक पाय मागं. मी नांदेडहून ओरडायचे, "गुडघा ताठ! टाच टेकव, अक्का! श्वास सोड!"

"सोडलाय की."

"सोडलेला नाहीस, धरून ठेवलायस. मला दिसतंय."

"तुला तिथून माझा श्वास दिसायलाय का? लई मोठी मास्तरीण!" असं म्हणून ती हसायची, आणि हसली की टाच जेमतेम खाली यायची. हसू थांबलं की पुन्हा वर.

एकदा मी वैतागून म्हटलं, "राहू दे. या वयात तुला कुठं शर्यतीत पळायचंय? बस खुर्चीवर सुखानं." तशी भिंतीकडं तोंड करूनच तिनं आत्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "मला नीट बसून जायचंय गं. माझ्या पायाला कुणी जोर लावायचा न्हाई. तेवढ्यासाठी करायलेय हे सगळं." पुढं म्हणाली, "आन् बसवताना तू सांग. तुझं ऐकायची सवय हाय माझ्या पायांना." मी तिला झापलं. काय अभद्र बोलतेस, म्हटलं.

आणखी एका गोष्टीचा उलगडा मला आजही होत नाही. मागच्या शिवरात्रीला मी लातूरला होते. देवळात बायकांचं भजन चाललं होतं. खुर्ची आणायला संगीता गेली ती गर्दीत अडकली, आणि वळून बघते तर अक्का खाली फरशीवर! मांडी घालून, टाळ्या वाजवत, अगदी आरामात. मी बघतच राहिले. बोलले नसते तर बरं झालं असतं, पण माझ्या तोंडाला कुठला दम! "अगं अक्का, बसलीस की!" तिनं खाली बघितलं आणि त्याच क्षणी, "आई गं!" पोटरीत गोळा. दोघींनी धरून उठवावं लागलं. मग ती मांडी कुणी घातली होती? पोटरी जर दगड होती, तर दगड भजन ऐकून मऊ होतो का? व्यायाम शिकवणाऱ्या पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, असं होतं कधी कधी. म्हणजे तिलाही माहीत नाही.

तर, त्या सकाळी. मला लातूरला पोचायला लोहा, अहमदपूर करत तीन-चार तास तरी लागणार. तोवर शरीर ताठ होतं एवढं मला माहीत होतं. मी मन्मथला म्हटलं, "थांबू नका, आत्ताच बसवा." तो म्हणाला, "मावशी, मी हात लावणार नाही. तिला दुखेल गं." दुकानात पोती उचलणारा एवढा मोठा माणूस, आणि हुंदके देत होता. मी म्हटलं, "संगीताला दे. स्पीकरवर टाक."

संगीतानं तिला न्हाऊ घातलेलं होतं. मी दुपारच्याच आवाजात सांगायला लागले. दुसरा आवाज मला येतच नव्हता. एक हात गुडघ्याखाली घाल, एक टाचेला. ओढू नको. गुडघा बाहेरच्या अंगाला सुटू दे. घाई नको, पोरी. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, श्वास सोड..."

मी जीभ चावली. मग संगीताचा आवाज आला, "मावशी... बसल्या. आपोआप बसल्या. काहीच अडलं नाही."

मी पोचले तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर विभूती, गळ्यात हार. साडीचा काठ जरा बाजूला करून मी पायाला हात लावला. मांडी इतकी सुरेख, की शाळेत असती तर मी तिला पुढं उभी करून पोरींना दाखवलं असतं. टाच आत, गुडघे खाली. तेव्हा कुठं मी मोठ्यानं रडले. बाया म्हणाल्या, पुण्यवान होती. डॉक्टर म्हणाले, गेल्यावर सगळेच स्नायू आधी सैल पडतात, मग ताठ होतात. खरंच असेल ते, मी नाही म्हणत नाही. पण मग इतकी वर्षं आम्ही ज्याच्याशी झगडत होतो ते नेमकं काय होतं? वय होतं? चपला होत्या? की दुकान, पोरगा, तो आत्याच्या गुडघ्यांचा आवाज, हे सगळं ती पोटरीत धरून उभी होती आणि शेवटी एकदाचं सोडलं? मला ठरवता येत नाही. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. तिनं केलेल्या व्यायामाचा उपयोग झाला की झालाच नाही, एवढंही मला सांगता येत नाही, आणि म्हणे मी कवायतीची बाई!

गेल्या आठवड्यात लातूरला गेले होते. दुकानामागच्या त्या आतल्या खोलीत भिंतीवर तिच्या तेलकट हातांचे दोन डाग आहेत. मन्मथ रंग देणार होता, संगीतानं देऊ दिला नाही. माझ्या खांद्याच्याही खाली आहेत, एवढी ती बुटकी. दुपारची वेळ होती, तीच. काय वाटलं कोण जाणे, मी जरा वाकून त्या डागांवर हात ठेवले आणि एक पाय मागं घेतला. गुडघा ताठ केला. टाच टेकेना. मी जोर लावला, तरी टेकेना. माझी! जन्मभर पोरींच्या टाचांवर नजर ठेवणारीची! भिंतीकडं तोंड करून मी तशीच उभी राहिले. मागं वळायचा धीर होईना, कारण संगीता तेलाची वाटी हातात घेऊन दारात उभी आहे हे मला वासावरून कळलं होतं.

वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "मावशी, श्वास सोडा."