ठेकेदाराने बांधलेला डबा

आमच्या भागात गाडीवर माल जो बांधतो, तोच मालाजवळ बसतो. कापसाच्या बैलगाड्यांपासूनची ही रीत. बांधणी सैल पडली तर ते आधी बांधणाऱ्याला कळावं, एवढाच तिचा अर्थ.

दुष्काळानंतर तलावांची कामं निघाली, तेव्हा मी आणि माझा थोरला भाऊ एका ठेकेदाराकडे होतो. मी ट्रॅक्टर चालवत असे, भाऊ माल बांधत असे. पंप आणि इंजिनं बंदरावरून लोखंडी पेट्यांत येत. एकेक पेटी लहान खोलीएवढी. आम्ही तिला डबा म्हणत असू. मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावरून डबा ट्रेलरवर चढवायचा आणि कारंज्यावरून इंझोरीकडे न्यायचा.

पहिल्या डब्याच्या वेळी भावाने साखळी मागितली. ती दुसऱ्या कामावर होती. ठेकेदार म्हणाला, दोर पुरतो. इंझोरीच्या अलीकडच्या उतारावर दोर तुटला, डबा पुढे सरकला आणि ट्रेलरच्या पुढच्या फळीपाशी बसलेल्या भावाचा उजवा पाय चेचला गेला. तो घोट्याच्या वर कापावा लागला. चौकशीला आलेल्या साहेबाला ठेकेदाराने सांगितलं की गाठ कच्ची होती. त्यानंतर भावाला बांधणीला कोणी बोलावलं नाही. पाय गेल्यापेक्षा त्याला हे जास्त लागलं.

चार महिन्यांनी दुसरा डबा आला. एकही मजूर बांधायला हात लावेना. त्यांना मीच तसं सांगितलं होतं. डबा आठवडाभर धक्क्यावर पडून राहिला, तेव्हा ठेकेदार माझ्याकडे आला. मी म्हणालो, ट्रॅक्टर मी चालवतो, बांधा तुम्ही. आणि दोर त्याच्या हातात दिला. या वेळी साखळी आणली आहे, असं तो म्हणाला.

"कायले, शेट? दोर पुरते ना?"

मजूर हसले नाहीत, नुसते बघत राहिले. त्याने स्वतः साखळी ओढत आणली. चारही कोपऱ्यांतून फुलीसारखी घेतली, खाली लाकडी ठोकळे मारले. मी पहार लावून ताण पाहिला आणि दोनदा सगळं सोडायला लावलं. दुसऱ्यांदा सोडायला लावलं, तेव्हा बांधणीत खोट नव्हती. तिसऱ्यांदा बांधून झाल्यावर तो भावाच्या जागी बसला.

बैलगाडीच्या चालीने निघालो. इंझोरीचा उतार जवळ आला तसे चार मजूर चाकांखाली टाकायचे ठोकळे घेऊन मागून चालू लागले. असा माल नेताना उताराच्या माथ्यावर थांबून खालचा गिअर टाकायचा असतो. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर उतरायचं नसतं. या कामाला क्षणभर पुरतो. मी मात्र एक पूर्ण बिडी ओढली.

"काहून थांबला बे?" मागून ठेकेदाराचा आवाज आला.

"इथंच तुटला होता ना दोर. गाठ कच्ची होती म्हने."

त्याने पुढच्या उताराकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाठ पक्की होती. साखळी म्या देली नव्हती."

"जोरानं सांगा, शेट. मांगच्याइले आयकू येऊन नाही राह्यलं."

त्याने जोराने सांगितलं. मी गिअर टाकला. डबा तसूभरही हलला नाही.

घरी येऊन भावाला शब्दन् शब्द सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुनं साखळी काहून लावू देली?"

माथ्यावर बिडी ओढताना मीही हाच विचार करत होतो.